दाऊदकाकांची नजर उत्तम

चहा घ्या आधी, मग हसा मला. गाढवपणा मी जन्मभर पुष्कळ केला, पण इथे इस्रायलात, रामल्याच्या शिरगणतीत केला तो पहिल्या नंबरचा!

देश सोडून जेमतेम वर्ष झालं होतं. मी मुंबईची मॅट्रिक, थोडं हिब्रू वाचता येई, म्हणून आपली मराठी घरं मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ऐट तर विचारू नका!

शेजारचे दाऊदकाका लहानपणी देवी येऊन आंधळे झालेले. खाटेवरून स्वच्छ म्हणाले, "लिही पोरी, दोन्ही डोळे गेलेले."

पण मी पाहिलं त्यांच्या लेकीकडे, रिवकाकडे. तिचं लग्न ठरत होतं. कोकणात मोजणीवाला आला की माझी आजी लंगड्या आत्याला माजघरात कोंडायची, घरातल्या मुलींची स्थळं मोडू नयेत म्हणून. तेच माझ्या डोक्यात! मी लिहिलं, 'नजर उत्तम'. नुसतं 'ठीक' लिहिलं असतं तर हात झडले असते का हो?

पुढे नव्या घरांचे कागद आले. आंधळ्या-पांगळ्यांना तळमजला, धडधाकटांना वर. दाऊदकाकांना तिसरा मजला! जिन्याला कठडासुद्धा नाही. काठी टेकत रोज एकटा सिनेगॉगला जाणारा माणूस, त्याचं बाहेर पडणंच संपलं की!

काकांना घेऊन धावले ऑफिसात. कारकुनानं जाड चष्म्यातून कागद पाहिला.

"इथे तर नजर उत्तम आहे. एवढी माझीही नाही! कोणी लिहिलं हे?"

काका काठीवर हनुवटी टेकून हसत होते.

"डॉक्टरचा दाखला आणा. तोवर तिसरा मजला."

आणि ज्या स्थळासाठी हा खटाटोप, त्या मुलाची आई काय म्हणाली? "अगो, दाऊदभाऊ आंधळे हे अख्ख्या रेवदंड्याला ठाऊक! देवीत गेलेले डोळे काय पोरीच्या आंदणात येतात?"

शरमेनं मेले मी. आता कुठल्याही जुन्या शिरगणतीत 'घरात सर्व सुदृढ' असं वाचलं, की माझा विश्वास बसत नाही. माझ्यासारख्या कनवाळू लोकांनी किती जणांना कागदावरच माजघरात कोंडलं असेल!

दाखला मिळेपर्यंत रोज सकाळी काकांचा हात धरून मीच त्यांना जिना उतरवत होते. एकदा शेवटच्या पायरीवर मीच ठेचकाळले. काकांनी मला दंडाला धरून सावरलं.

"जपून गो," म्हणाले, "आपल्या दोघांत नजर उत्तम कुणाची, ते तूच सरकारला लिहून दिलंयस!"