सुमनआतेचा उजवा हात

माझ्या आतेचा हात मी बरा होऊ दिला नाय.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून सगळे सांगतायत, तू किती केलंस गो तिचं. मी मान हलवते.

मला मानच हलवता येते. चारचौघांत बोलता येत नाय. ह्या सगळ्याचं मूळ तेच आहे.

सुमनआते म्हणजे बाबांची मोठी बहीण. तारकर्लीला आमच्या घराला लागून दोन खोल्या आहेत, त्या आम्ही टुरिस्टना देतो. जेवण आते करायची. तिच्या हातचे वडे एकदा खाल्लेले लोक पुढच्या वर्षी फोन करून विचारायचे, "मावशी आहेत ना?"

मग तिला पॅरालिसिसचा अटॅक आला. पाय सुधारला. उजवा हात तसाच राहिला, बोटं आत वळलेली.

शाळा मी नववीतच सोडलेली. वर्गात उभं राहून बोलायला लागायचं म्हणून. घरीच होते, म्हणून आतेला फिजिओथेरपीला मालवणला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

क्लिनिकमधल्या मॅडम आधी तिचा हात वितळलेल्या गरम मेणात बुडवायच्या. काढायच्या, परत बुडवायच्या. हातावर पांढरा थर चढायचा.

आते माझ्या कानात बोलायची, "भजीसारखो बुडवतत गो. आता तळूक घेवक नको म्हणजे झाला."

मग करंटची मशीन. कोपराच्या खाली दोन पॅड चिकटवायचे, बटण फिरवलं की वळलेली बोटं आपोआप उघडायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडूच आलं.

आते बघतच राहिली. मग बोलली, "ह्यो हात माझो नाय. लायटीचो आसा. लाइट गेली की ह्यो पण जातलो."

मॅडम हसल्या. "बरोबर बोललात मावशी. मशीन हाताला फक्त जागं करते. काम तुम्हाला घरी शिकवायला लागेल."

त्यांनी घरी न्यायला एक पुली दिली आणि खुंट्यांचा एक बोर्ड.

पुली पडवीत वाश्याला टांगली. दोरीच्या एका टोकाला आजारी हात फडक्याने बांधायचा, दुसरं टोक चांगल्या हाताने खेचायचं, की आजारी हात वर जातो. बोर्डावरच्या खुंट्या एकेक काढून परत बसवायच्या. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस.

सोबत एक कागद. केलं की त्या दिवसावर टिक मारायची.

पंधरा दिवस केलं. मग डिसेंबर आला. खोल्या फुल. चहा, चादरी, मासे साफ करणं.

"बाय, आज पुलीक लावतंस मां?"

"काल करंट दिलो ना तुका आते. होतलो बरो."

मला खरंच तसं वाटायचं. एवढी मोठी मशीन आहे, ती करेल. दोरी ओढून काय होणार.

पण खरं सांगते, दुपारी मला वेळ असायचा. मी मोबाइल बघत पडायचे. आते पडवीत पुलीखाली खुर्चीवर बसलेली असायची.

टिक मी क्लिनिकला जाताना रिक्षात मारायचे. आठवड्याच्या सगळ्या एकदम. दोन पेनं ठेवलेली, शाई वेगळी दिसायला.

आते बाजूलाच बसलेली असायची. बाहेर बघायची.

"रोज करतेस ना गं?" मॅडम विचारायच्या.

मी मान हलवायचे.

फेब्रुवारीत मॅडमनी सगळे कागद समोर मांडले. बोलल्या, "इतकं नियमित करूनही बोटं तिथेच आहेत. ह्याच्यापुढे फार फरक पडेल असं मला वाटत नाही. उगाच खेपा नको मावशी, आता थांबूया."

तेव्हा एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. एकच. माझ्या तोंडातून आवाज आला नाय.

आतेने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगते.

डाव्या हाताने मला दाखवत ती मॅडमना बोलली, "चेडू रोज करून घेता. माझोच हात आळशी आसा."

रिक्षातून घरी उतरताना तिने डावा हात माझ्या खांद्यावर टेकला.

"उद्यापासून लावशीत मां माका पुलीक?"

लावलं. रोज. खोल्या फुल असल्या तरी.

नवव्या दिवशी अंगठा हलला. पडवीत मशीन नव्हती, करंट नव्हता.

"बघ गो, लायटीशिवाय हलता."

तिसऱ्या आठवड्यात तिने एक वडा थापला. एकच. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेला. तळला तरी फुगला नाय.

मी तो बाकीच्या वड्यांच्या टोपलीत टाकणार तर बोलली, "तो पावण्यांका वाढू नको. आळशाचो आसा तो."

आणि हसली. अटॅकनंतर तशी हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

मग बोलली, "चल, मॅडमांका दाखवून येवया."

मी बोलले, पुढच्या आठवड्यात जाऊ. काम होतं म्हणून नाय. मॅडम विचारतील की एवढे महिने हलला नाय आणि आता कसा हलला, म्हणून.

पुढचा आठवडा आला नाय. दुसरा अटॅक आला आणि आते गेली.

नऊ दिवसांत अंगठा हलला. मी वाया घालवले त्या महिन्यांत काय काय हललं असतं, हेच डोक्यात फिरत असतं.

मॅडम, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. समोर येऊन बोलायला जमणार नाय, म्हणून इथे लिहिते. ते कागद खोटे होते. आतेला ते माहीत होतं. तुमचं काय चुकलं नाय.

आणि माझ्या आतेचा हात आळशी नव्हता.

आज पानावर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे आहेत. वडे मी थापले.

आते, सगळ्यात वाकडो तो तुझो.

माका माफ कर. जंय आसशीत थंय सुखान रव.