भाचीच्या वर्गातली आत्या

चाळिशी उलटल्यावर कडकताईने कॉलेजात नाव घातलं ते शिक्षणाच्या ओढीने, असं पुढे लोक कौतुकाने बोलू लागले. तिने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. खरं कारण एकच होतं. तिला दादाचं उट्टं काढायचं होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. चौकातली लॉन्ड्री त्याची. वडिलांनी सुरू केलेली आणि वडिलांच्या पश्चात त्याने वाढवलेली. पुढे काउंटरवर दादा, मागे वाफेच्या इस्त्रीपाशी ती. तिच्या हातची कॉलर अशी ताठ बसायची की गिऱ्हाइकांनीच तिला कडकताई करून टाकलं होतं.

शाळा संपली त्या वर्षी तिला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. इतिहास घ्यायचा, हेही ठरलं होतं. ओरिएंटेशनच्या सकाळी स्वतः इस्त्री केलेला निळा ड्रेस घालून ती नाव नोंदवायच्या रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "तुमचा प्रवेश काल रद्द झालाय. तुमचे भाऊ येऊन गेले की."

मागे कुणीतरी खुसखुसलं. ती तशीच दुकानात परत आली. दादा कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होता.

"अगं, बाबा अंथरुणाला खिळलेत, मी एकटा कुठे कुठे पुरा पडू?" तो म्हणाला. "आणि खरं सांगू? तुझं डोकं हातात आहे, पुस्तकात नाही."

समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. दाद मिळाली म्हणून दादाही हसला. तेव्हापासून ते वाक्य त्याचा ठेवणीतला विनोद झालं. पाहुणे आले की, जेवायला बसलं की, काही नाही तर असंच, तो ते सांगायचा.

ती भांडली नाही. ड्रेस बदलून इस्त्रीपाशी उभी राहिली ती राहिलीच. अपमान तिने गिळला, पण पचवला नाही. दादाच्या शर्टाला मात्र ती पाठीवर, त्याला दिसणार नाही अशा जागी, न चुकता एक चुणी ठेवून द्यायची. त्याने तो विनोद काढला की शेवटच्या शब्दावर इस्त्रीचं पेडल दाबायची. फुस्स करून अशी वाफ सुटायची की अर्धं वाक्य त्यातच जायचं. एवढ्यावर तिने कितीतरी वर्षं काढली.

मग दादाच्या मुलीने, बारकीने, शाळेची शेवटची परीक्षा दिली आणि तिला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. दादा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, "आपल्या घरातलं पहिलं माणूस कॉलेजात चाललंय!"

पहिलं माणूस! मागे कडकताईच्या हातातली इस्त्री तिथेच थांबली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून कुणाचा तरी शर्ट जळाला.

दुसऱ्या दिवशी "दात दाखवून येते" असं सांगून ती बाहेर पडली. दादावर तिचा दात होताच, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं. कॉलेजात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी काही जागा असतात, हे तिला एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. तिने अर्ज केला, मुलाखत दिली, जागा मिळवली आणि घरी ब्र काढला नाही. बेत साधा होता. बारकीच्याच वर्गात बसायचं, बारकीचेच विषय घ्यायचे आणि बारकीला मागे टाकायचं. मग दादाने सांगावं कुणाचं डोकं कुठे आहे ते.

ओरिएंटेशनला दादा, वहिनी आणि बारकी नटूनथटून निघाली. "मीही येते," कडकताई म्हणाली. आत्या आहे, येणारच, असं दादाला वाटलं. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

सभागृहाच्या दारात एक मुलगी सांगत होती, "विद्यार्थी डावीकडे, पालक उजवीकडे." कडकताई डावीकडे वळली.

"अगं ए, पालक इकडे!" दादाने हाक मारली.

तिने पर्समधून बिल्ला काढला आणि सावकाश गळ्यात अडकवला. त्यावर तिचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, प्रथम वर्ष.

दादाचा चेहरा उतरला. "हे काय खूळ? वय काय आपलं, करतेस काय... दुकानाचं काय?"

या क्षणासाठी तिने इस्त्रीपाशी उभ्याउभ्या कितीतरी भाषणं रचली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. ती एवढंच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "दादा, या वेळी प्रवेश रद्द करायला जाऊ नकोस हं. खिडकीवर सांगून ठेवलंय, माझा भाऊ आला तर त्याला रस्ता दाखवा म्हणून."

आसपासचे पालक हसले. लोक हसतायत म्हटल्यावर दादालाही हसावं लागलं. ते कसनुसं हसू कडकताईने डोळे भरून पाहिलं आणि डावीकडे जाऊन बसली. तिला वाटलं होतं त्याहूनही गोड लागलं.

दुपारी विषय निवडायचे होते. लांबलचक खोलीत विषयवार टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलामागे एक प्राध्यापक बसले होते. बारकी आनंदाने तिला बिलगली. "आत्या, तू किती छुपी आहेस गं! आपण दोघी शेजारी बसायचं."

"बसू की. तू काय काय घेतेयस?"

"बाबांनी ठरवलंय. अकाउंट्स, व्यापारी कायदा, संख्याशास्त्र. पुढे दुकान मीच बघायचंय ना."

"आणि तुला काय आवडतं?"

बारकी इकडेतिकडे बघत म्हणाली, "दगड."

"दगड?"

"भूगर्भशास्त्र गं. पण त्यांना डोंगरात मुक्कामाला नेतात. बाबा म्हणाले, मुळीच नाही."

कडकताईच्या अंगात वारं शिरलं. मार्कांत मागे टाकणं कुठे आणि हे कुठे! लॉन्ड्रीचा वारसच हातचा गेला तर दादाची झोप उडेल. तिने बारकीचा दंड धरला आणि तिला कोपऱ्यातल्या टेबलाकडे ओढू लागली. "घेऊन टाक दगड! अकाउंट्सला मार गोळी. मी आहे ना तुझ्या पाठीशी."

बारकी जागची हलली नाही. "आत्या, हे तू माझ्यासाठी करतेयस की बाबांना झोंबावं म्हणून?"

खोटं बोलायचं होतं, पण जीभ वळली नाही. "झोंबावं म्हणून," कडकताई म्हणाली.

"मग तू आणि बाबा सारखेच. त्यांना मी दुकानासाठी हवीय, तुला भांडणासाठी."

दंड सोडवून घेऊन ती गर्दीत निघून गेली. कडकताई मेल्याहून मेल्यासारखी झाली. दादासारखी! आयुष्यात तिला कुणी एवढं लागट बोललं नव्हतं. मग ती इतिहासाच्या टेबलाकडे गेली आणि तिथल्या बाईंपुढे बसली. तो विषय घ्यायला तिला दादाचं तोंड आठवावं लागलं नाही. त्यानंतर मात्र ती उठून अकाउंट्सच्या टेबलाकडेही गेली. राग काही एका दुपारीत विझणारा नव्हता, आणि तो विझावा अशी तिची इच्छाही नव्हती.

संध्याकाळी घरी रण माजलं. बारकीने अकाउंट्स ठेवलं होतं, पण कायदा काढून तिथे भूगर्भशास्त्र घेतलं होतं. "हिनेच फूस लावली!" दादा कडकताईकडे बोट दाखवून ओरडला.

"आत्याचा काही संबंध नाही," बारकी म्हणाली. "मी निवडलं."

कडकताईला हे सुद्धा जरा खुपलं. दोष आपल्या माथी आला असता तर तिने तो मिरवला असता.

आता सकाळी तिची जागा दादा सांभाळतो. इस्त्रीचा हात त्याला कधीच नव्हता. बोटं पोळतात, गिऱ्हाइकं कुरकुरतात. कॉलेजची बस घरासमोरूनच सुटते, तरी कडकताई पुस्तकं छातीशी धरून चौकाला वळसा घालते, दुकानासमोरून सावकाश चालत जाते आणि पुढच्या थांब्यावर बस पकडते. दादा मान वर करत नाही. वाफ मात्र जरा जोरात सुटते.

अकाउंट्सच्या पहिल्या चाचणीत बारकीने तिला मागे टाकलं. दादाने ते गिऱ्हाइकांना सांगितलं आणि फिरत फिरत ते तिच्या कानावर आलं. माफी त्याने मागितलेली नाही, मागणारही नाही.

"मनावर घेऊ नकोस गं," वर्गात शेजारी बसलेली बारकी म्हणाली.

"मनावर?" कडकताईने पेन्सिलीला टोक काढलं. "अगं, मनावर घेतलं म्हणून तर इथवर आले. पुढची चाचणी कधी आहे ते सांग."