रंगाला हात न लावलेला फोटो

"गेला रे मिलिंद," त्याची बायको केतकी फोनवर एवढंच म्हणाली. मी पवईच्या ऑफिसात होतो. तो हॉस्पिटलात गेल्यापासून या फोनची भीती होतीच. तरी फोन ठेवल्यावर डोळ्यांसमोर पहिला आला तो त्याचा एक फोटो... त्याविषयी लिहायला मला इतके आठवडे लागले.

भांडुपला कॉलेजात असताना आम्ही दोघं एकाच कॅमेऱ्यावर शिकलो. अर्धं रीळ त्याचं, अर्धं माझं. पुढे मी नोकरीत अडकलो आणि तो नाहूरच्या घरी कॉम्प्युटरवर लग्नाचे फोटो सुधारून देऊ लागला. आजच्या गुळगुळीत डिजिटल फोटोला जुन्या रिळाचं रूप द्यावं ते त्यानंच... रिळावरचे बारीक दाणे, कडांना उतरत जाणारा अंधार, जुन्या भिंगातून येणारा चेहऱ्याभोवतीचा मऊपणा. तयार फिल्टर त्याला चालत नसत. मुलुंडच्या एका मुलीला आपल्या लग्नाचा फोटो आजीच्या लग्नातल्या फोटोशेजारी लावायचा होता. काम झाल्यावर आजी नातीचाच फोटो आपला समजून त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही नथ माझी नाही." हा किस्सा तो कितीदा तरी सांगायचा, आणि दर वेळी तितकाच खूश व्हायचा.

नवा प्रयोग तो स्वतःच्या चेहऱ्यावर करायचा आणि मला पाठवायचा. पवईहून नाहूर काही लांब नाही, पण भेटी कमी होत गेल्या. फोटो पाहिला की भेटल्यासारखंच वाटायचं. दिवाळीनंतर एक आला. खिडकीपाशी बसलेला मिलिंद, जुन्या अल्बममधून काढल्यासारखा. मी लिहिलं, "झकास. पिवळा जरा कमी कर."

"रंगाला हातच लावला नाहीये रे. नुसते दाणे टाकलेत."

मला वाटलं, फुशारकी मारतोय. हसरा चेहरा पाठवून मी मीटिंगला गेलो.

तो डॉक्टरकडे गेला ते बऱ्याच दिवसांनी, डोळेही कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसायला लागल्यावर. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'फार'पाशी मी अजून अडकतो. हॉस्पिटलात मी त्याच्यापाशी फोटोतल्या त्या पिवळ्याविषयी बोललो, तर तो म्हणाला, "दिवसभर रंग बघणारा मी. मला नाही कळलं, तुला काय कळणार?" माझी सुटका करायला बोलला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला दिसलं होतं. मी लिहूनही पाठवलं होतं...

भिंतीवर लावायला केतकीला नेमका तोच फोटो हवा होता. "पिवळा तेवढा काढ," म्हणाली. त्याच्या खुर्चीत बसून मी स्क्रीनवरची पिवळ्या रंगाची पट्टी हळूहळू मागे ओढली आणि चेहरा निरोगी होत गेला. मागून ती म्हणाली, "बस, इथेच थांब. असाच होता."

त्याच्या त्या कामाच्या खोलीच्या भिंती राखाडी आहेत. बाकी घराचे रंग केतकीनं निवडले, ही खोली मात्र त्यानं हट्टानं राखाडी करून घेतली. रंगीत भिंत डोळ्याला फसवते, म्हणायचा. परवा रंगारी येऊन गेला. या खोलीला कुठला रंग देऊ, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे अशीच. ती भिंतीला टेकून बसली होती, खिडकीतून दुपारचा उजेड येत होता. मी बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.

"काय बघतोयस?"

"नीट जेवतेस ना?" मी विचारलं.