मेलेल्या बायकोचा अर्ज

एके काळी टास्मानियात घराण्यात इंग्लंडहून हद्दपार होऊन आलेला कैदी निघाला, तर लोक घरच्या बायबलमधलं पूर्वजांच्या नावांचं पान गुपचूप फाडून टाकत. आता कैदी नसेल तर तोंड दाखवायची सोय नाही. थेल्माच्या घराण्यात तर दोन होते, एक मेंढीचोर नि एक खिसेकापू. त्या दोघांच्या पुण्याईवर ती कैदी-वंशज मंडळाच्या वार्षिक जेवणात पहिल्या टेबलावर बसायची. तिची भावजय मर्ल त्याच जेवणात अकरा वर्षं चहा ओतत होती.

"तुमच्याकडे साधा कोंबडीचोरसुद्धा नाही का गं?" थेल्मा चारचौघांत विचारायची.

मर्लला ते फार लागायचं. तिने होबार्टच्या दप्तरखान्यात दोन हिवाळे काढले आणि खापरपणजोबा शोधून काढला. जेबेझ टकर. तांब्याचा हंडा चोरला, सात वर्षं हद्दपारी. सरकारने त्याची उंची, देवीचे व्रण, दंडावर गोंदलेलं 'हॅना', सगळं टिपून ठेवलं होतं. सासऱ्याने जावई इतका न्याहाळला नसेल. बोटीवरून उतरताना विवाहित, मुलं तीन. तीन वर्षांनी इथे लग्नाची परवानगी मागताना मात्र विधुर. त्या दुसरीच्या पोटी मर्लची पणजी.

सगळे दाखले जुळले, एकदाचं घोडं गंगेत न्हालं. आता पहिली बिचारी कधी वारली, तेवढंच बघायचं राहिलं. तर सापडला तिचा अर्ज, जेबेझसाहेब विधुर झाल्यावर दोन वर्षांनी लिहिलेला. 'तीन मुलांसह मला नवऱ्याकडे पाठवावे.' खाली सही म्हणून फुली. मागे कारकुनाचा शेरा: 'कैद्यास विचारले. बायको वारली म्हणतो. अर्ज निकाली.' सरकारने कैद्याच्या शब्दावर विश्वास ठेवला तो नेमका तेव्हाच.

मर्लला रडू नाही आलं, संताप आला. तिचा केल्विन, म्हणजे थेल्माचा भाऊ, तीन महिन्यांसाठी म्हणून क्वीन्सलंडला उसाच्या कामावर गेला होता. त्याला एकोणतीस वर्षं झाली.

जेवणाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे नव्या सभासदाने उभं राहून पूर्वजाचं नाव नि गुन्हा सांगायचा, मग टाळ्या, मग बिल्ला.

"हॅना टकर," मर्ल म्हणाली.

अध्यक्षांनी कागद चाळले. "इथे तर जेबेझ आहे. बरं, या बाईंचा गुन्हा?"

"काही नाही. तीन पोरं घेऊन वाट पाहिली."

"मग त्या कैदी नव्हत्या. तुमच्या रक्ताच्याही नाहीत."

"हो ना. एखादा हंडा चोरायची अक्कल नव्हती तिला. आज टाळ्या मिळाल्या असत्या."

थेल्माने तिची बाही ओढली. "खाली बस, मर्ल. शोभा नको. बिल्ला घे नि मोकळी हो."

"तुझ्या भावानेही मला कुठल्यातरी कागदावर मारूनच टाकलं असेल, थेल्मा."

"काहीतरीच बोलू नकोस. विधुर नव्हतं लिहिलं त्याने," थेल्मा फणकारली. "अविवाहित लिहिलं होतं. मी होते ना लग्नाला."

त्या दुपारी चहा ज्याचा त्याने ओतून घेतला.