देवाला सोडलेली जागा

विचुंब्याजवळ आम्ही चार कुटुंबांनी मिळून जमिनीचा एक तुकडा घेतला, तेव्हा सातबाऱ्यावर चौघांची नावं एकत्रच लागली. एवढ्याशा जागेचे वेगळे सातबारे करायला तुकडेबंदीचा कायदा आड येत होता. म्हणायला आपलं घर, पण त्यातला कुठला कोपरा आपला, हे कागदावर कुठेच नव्हतं.

मग कायदा सैल झाला. आता प्रत्येकाचा सातबारा वेगळा होणार म्हणून शेजाऱ्यांनी पेढे वाटले. मला मात्र धास्ती वाटली, कारण वेगळं करायचं म्हणजे आधी मोजणी येणार.

या भीतीचं मूळ रस्त्याकडेच्या शेंदूर फासलेल्या दगडात होतं. घरं बांधताना गावातली माणसं म्हणाली होती, देवाला मोकळं ठेवा. घरं एका रांगेत; दगडाला लागून असलेल्या पहिल्या शेजाऱ्यांनी देवाला ऐसपैस जागा सोडली आणि स्वतःचं घर तेवढं पुढे सरकवलं. मग दुसरं सरकलं, तिसरं सरकलं. आमचं शेवटचं, हद्दीला लागून. आम्हीही निमूट सरकलो. देवाशी कोण भांडणार?

मोजणीच्या दिवशी सकाळपासून मी पुसलेलाच ओटा पुन्हा पुन्हा पुसत होते. मोजणीवाल्यांनी यंत्र लावलं आणि चुन्याची रेघ ओढायला घेतली. ती अंगणातून आली, आमच्या भिंतीपाशी थांबली आणि घराच्या मागून पुन्हा सुरू झाली. अख्खं स्वयंपाकघर रेघेबाहेर, पलीकडच्या जमिनीत. तिघे शेजारी म्हणाले, "काढू काहीतरी मार्ग," आणि आपापल्या घरी जेवायला गेले. देव सगळ्यांचा, संकट तेवढं आमचं.

पलीकडची जमीन गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंची. आमचा तुकडाही त्यांच्या नवऱ्यानेच विकला होता. आता तो हयात नव्हता. संध्याकाळी मी भीतभीतच त्यांच्याकडे गेले. त्या ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या.

"मावशी, पाडायला लावू नका," एवढंच मला बोलता आलं.

"देवाला जागा तुमी सगल्यांनी दिली," त्या म्हणाल्या, "न् गेली माजी."

मला मान वर करवेना. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"मी नाय तुजी चूल हलवनार, बाय."

माझे डोळे भरून आले. त्यांचे हात धरावेत असं वाटलं, पण त्यांनी पुन्हा सुकट निवडायला घेतली होती.

"पन पोरांनी वाटनी मागितली हाय," त्या खाली बघतच म्हणाल्या. "आता कायदा सोपा झालाय ना. तुजी चूल कुनाच्या वाट्याला जाईल, ते माज्या हातात नाय."