नाही आलं त नाही आलं लिहा

प्रयोगाच्या वहीत एखाद्याचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळलं, की इंगोले सर त्याभोवती लाल शाईने गोल काढायचे आणि शून्य द्यायचे. "निसर्ग येवढा सोयीचा नाही, बाबू. खोटं रीडिंग कायले लिहितं? नाही आलं त नाही आलं लिहा!" रिसोडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते फिजिक्स शिकवत आणि मी मराठी. पोरं त्यांना घाबरत आणि तरी दिवसभर त्यांच्याच मागे फिरत. मला घाबरत नसत आणि माझ्या मागेही फिरत नसत.

लांबच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने छोटा उपग्रह बनवायला घेतला होता. त्यातले काही भाग गावोगावच्या मुलींकडून करून घ्यायचं ठरलं, तेव्हा सरांनी खटपट करून एक आमच्याकडे आणला. वर किती ऊन, किती थंडी हे मोजणारी ती तळहाताएवढी पट्टी शीतलने जोडली. शीतल आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका वाडीतली. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे आणि ती रिसोडला मामाकडे राहून बारावी करत होती. परीक्षा झाली, अठरा पूर्ण झाली, की लग्न उरकायचं असं तिच्या वडिलांनी, गजाननभाऊंनी, ठरवून टाकलं होतं.

दिवाळीआधी सर मला घेऊन गजाननभाऊंच्या घरी गेले. बोलता बोलता म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोरीची वस्तू आभायातून बोलीन, तवा तुमीच मनसान का इले शिकवा!"

गजाननभाऊंनी तंबाखू मळून होईपर्यंत विचार केला. "बोलली त शिकवतो, सर. नाई बोलली त मंग मले अडवू नका."

"मंजूर!" सर म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! परत येताना मी त्यांना तसं ऐकवलंही. "रॉकेट वर गेलं का झालं, सर. तुमी मराठीवाले उगाच भेता," म्हणाले.

रॉकेट व्यवस्थित वर गेलं. उपग्रह आपल्या जागी फिरू लागला, आणि बोलेना.

सरांनी भंगारातले टीव्हीचे जुने अँटेना आणून एक लांबलचक अँटेना बनवला होता. उपग्रह यायच्या वेळी तो हातात धरून, दक्षिणेकडून उत्तरेकडे किंवा उलट, आभाळभर फिरवायचा. आभाळाशी माझा संबंध कवितेपुरता, म्हणून ते मला समजावत. "बैल एकाच रेघेत चालून राह्यला अन् खालून वावर सरकून राह्यलं, असं समजा. मनून थो रोज सकाय-संध्याकाय आपल्या डोक्यावर येतेच." आला की आठदहा मिनिटांत पार निघून जायचा. तेवढ्यात जे ऐकू येईल ते.

आधी ते एका जुन्या परदेशी हवामान उपग्रहाचा आवाज पकडून बघत. त्याला ते म्हातारी म्हणत. तिची घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली, म्हणजे अँटेना ठीक. मग आपल्या उपग्रहाची वाट बघायची. रेडिओतून नुसती खरखर यायची आणि शीतल वहीत लिहायची, "आलं नाही."

इंजिनिअरिंग कॉलेजने काही दिवसांनी फोन करून सांगितलं, बॅटरी गेली असावी, आम्ही शोध थांबवतो. सर थांबले नाहीत. लग्नाच्या पंगतीतून खरकट्या हाताने उठून पळाले. दाढी वाढली, हात भरून येऊ लागले, तेव्हा अँटेना शीतल धरू लागली. जन्मभर देवाधर्माची थट्टा करणारा हा माणूस मंगरूळपीरच्या दर्ग्यात जाऊन चादर चढवून आला. मी बघतच राहिलो. "सगये उपाय सरले, सर," ते म्हणाले. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली.

रविवारी शीतलला बघायला पाहुणे यायचे होते. शनिवारी सकाळी गजाननभाऊ स्वतः कॉलेजच्या गच्चीवर आले. "एक डाव ऐकू द्या मलेबी," म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो. त्यालाही पोरीची पट्टी बोलावी असंच वाटत असावं.

उपग्रह दक्षिणेकडून आला, डोक्यावरून गेला. खरखर. शीतलने दुखरा हात तसाच उंच धरला होता. उपग्रह उत्तरेकडे बुडाला. मग सरांनी रेडिओचं बटण फिरवलं. मुद्दाम की सवयीने, हे मला आजही सांगता येत नाही. म्हातारी तेव्हा आभाळात होती. टिकटिक, टिकटिक, अगदी स्वच्छ.

गजाननभाऊ उभे राहिले. त्यांचं तोंड उजळलं. "बोलली? सर, बोलली ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, हो म्हणा, सर, एकदाच हो म्हणा! त्यांचे ओठ हललेही.

"नाही, बाबा," शीतल म्हणाली. अँटेना तिने खाली घेतला होता. "थे मातारी होय. आपली नाही आली."

गजाननभाऊ जिन्याकडे वळले. "चाल मंग," म्हणाले. शीतलने वहीत त्या दिवसाचं लिहिलं, वही सरांच्या हातात दिली, आणि बापामागून जिना उतरून गेली.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी गेलो. सर गेले नाहीत.

पुढच्या वर्षी प्रयोगाच्या परीक्षेला मी त्यांच्या लॅबमध्ये चहा घेत बसलो होतो. एका पोराची वही त्यांनी उघडली. सगळी रीडिंगं तंतोतंत, पुस्तकातल्यासारखी. त्यांनी लाल पेन काढला. गोल काढला नाही. पैकीच्या पैकी मार्क दिले.

"सर, हे तर जुळवलेलं दिसतंय," मी म्हणालो.

"जुयवलेलंच हाय." त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. "हा पोरगा सुखात राहीन, सर."