बेलभंडार माघारी

आईचा विरोध उंबऱ्यापाशी सुरू झाला तो टांग्यात, थेट स्टेशनापर्यंत चालूच होता. "बाईमाणसानं परक्या गावात जाऊन पुरुषांना मत कुणाला द्यायचं ते सांगायचं? लोक काय म्हणतील!"

"लोक काहीच म्हणत नाहीत, तीच तर पंचाईत आहे," मी म्हटलं.

सत्त्याहत्तर सालचा मार्च. आणीबाणीत एका सभेत चार शब्द बोलला म्हणून आत गेलेला माझा धाकटा भाऊ नुकता सुटून घरी आला होता. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा, दाराची कडी वाजली की दचकायचा. त्याला तसं बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळेत रजा टाकली, विरोधी पक्षाच्या पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि सोलापुराहून कुर्डुवाडीची गाडी धरली. माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण रत्ना परंडा तालुक्यातल्या एका गावात मास्तरीण होती, तिच्याकडं उतरायचं ठरलं. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

कुर्डुवाडीहून पुढं एसटी. सीना नदी आली असं शेजारच्या बाईनं सांगितलं तेव्हा मी खिडकीतून वाकून पाहिलं, तर खाली नुसती वाळू, आणि वाळूत झरा खणून बसलेल्या दोन बाया. "पाणी कुठाय?" मी विचारलं. "हाय की खाली. वर यायला भ्यालंय," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मला ती बाई फार आवडली.

परंड्याला उतरले तर चपलेचा अंगठाच तुटला. स्टँडसमोरच्या हॉटेलात गठ्ठा ठेवून चांभाराकडं गेले. किल्ल्याची काळी तटबंदी बघत उभी राहिले, अंगठा शिवून घेतला आणि परत येऊन बघते तो काय, गिऱ्हाइकांच्या हातात माझ्या पत्रकांवर गरम भजी! मालक बिचारा ओशाळला. "रद्दी वाटली, बाई." आधी मी भडकले. मग पाहिलं तर एक फेटेवाला भजी संपवून तेलकट कागद उजेडाकडं धरून एकेक अक्षर लावत होता. म्हटलं, असू दे, पोटातून तरी जाईल. उरलेली पत्रकं बगलेत मारून मीही प्लेटभर भजी खाल्ली.

रत्नाचा नवरा बाबूराव बैलगाडी घेऊन न्यायला आला होता. घर बौद्धवाड्यात, शेत थोडंसं, बोलणं मात्र ऐसपैस. जाताना त्यानं गावाची कुंडली मांडली. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडत होतं. त्यानंतर दुधाची सोसायटी निघाली, दारोदार म्हशी आल्या आणि गाव पायावर उभं राहिलं. सोसायटीचा चेअरमन सत्तेतल्या उमेदवाराचा माणूस. ज्याचं दूध सोसायटी घेईना त्यानं ते कुठं न्यायचं?

रात्री रत्नानं ज्वारीची भाकरी, डाळकांदा आणि शेंगांची चटणी वाढली. वाढता वाढता म्हणाली, "मी नोकरीवाली, मला बोलता येत नाही. तू बोल. पण फार अपेक्षा ठेवू नकोस गं."

सकाळी महादेवाच्या देवळापुढच्या पारावर माणसं जमली. पारावर बाया चढत नाहीत, म्हणून रत्नानं शाळेतलं स्टूल पाठवलं होतं. त्यावर बसून मी बोलले. भावाचं सांगितलं. खरं छापायला बंदी होती ते सांगितलं. आणि आठवडी बाजारातून पुरुषांना ट्रकमध्ये घालून नसबंदीला नेलं, ते काढलं. तशी सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कुणी आपल्या वहाणेकडं बघतोय, कुणी काडीनं माती उकरतोय. शेवटी एक जण म्हणाला, "बाई, तुमचं समदं खरं. पर आमी बेलभंडार उचललाय."

बेलभंडार उचलणं म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवाच्या साक्षीनं शपथ घेणं. चेअरमननं गावातल्या पुरुषांना देवळात बोलावून एकेकाकडून मताची शपथ घेतली होती, आणि उचललेला बेल ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यात ठेवायला लावला होता.

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! "अहो, मत गुप्त असतं," मी म्हटलं. "पडद्याआड शिक्का मारायचा. चेअरमनला कळणार कसं?"

पारावरची हवाच बदलली. मधोमध बसलेले पांढऱ्या मिशांचे भिवाआबा, मेंढरं आणि दोन म्हशी राखणारे धनगर, सावकाश उठले. "चेअरमनला न्हाय कळायचं, बाई. पर त्याला कळंल की." त्यांनी हनुवटीनं देवळाकडं दाखवलं. "भल्या घरच्या दिसता. आमाला लबाडी शिकवाया आलाव व्हय?"

घोंगडी खांद्यावर टाकून ते चालते झाले. त्यांच्यामागं बाकीचेही. मी स्टुलावर एकटी.

घरी बाबूराव पोट धरून हसला. "आमाला कुणी बेलभंडार उचलाया बोलवतच न्हाय, ताई. छप्पन सालापास्नं आमी त्यातून मोकळे!" मग हसू आवरून म्हणाला, "आबाकडं जावा. त्याच्या पोराला नेलंय टरकातून."

दुपारी आबांच्या घरी गेले. सुनेनं तांब्याभर ताक आणून ठेवलं आणि लगबगीनं आत गेली. मुलगा मारुती कुडापाशी दोर वळत होता, त्यानं मान वर केली नाही. आबांनी त्याच्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "मीठमिरची आणाया धाडला व्हता बाजारला. लगीन होऊन वरीस न्हाय झालं. वराडला म्हनं, मला लेकरू न्हाय, मला लेकरू न्हाय. कोन ऐकतंय?" त्यांनी आवाज खाली आणला. "एकुलता एक हाय, बाई. माझं घर हितंच थांबलं."

मला रडू आलं. त्या म्हाताऱ्यापुढं मी पदरात तोंड घालून रडले, सांगायला लाज कसली. मग डोळे पुसून विचारलं, "आबा, ह्या सगळ्यावरही बेल उचललात. मनापासून उचललात?"

"भ्यालो म्हनून उचलला. दूध बंद झालं तर खावं काय?"

"म्हणजे देवापुढं ओठात एक आणि पोटात एक. मग लबाडी मी शिकवली का, आबा? ती तर चेअरमननं त्याच दिवशी करवून घेतली. देवाला साक्षीला नाही बसवलं त्यानं, राखणीला बसवलं."

मारुतीच्या हातातला दोर थांबला. आबा उठून मेंढरांकडं गेले. मीही ताक संपवून उठले. डाळ शिजली की नाही, काही कळेना.

दिवेलागणीला रत्ना धावत आली. "चल, देवळात चल!" आम्ही पोचलो तेव्हा आरती संपली होती. चेअरमन खांबाला टेकून बसला होता आणि त्याच्यासमोर भिवाआबा उभे होते. हातात वाळलेलं बेलपान, चिमूटभर हळद.

"चेअरमन, हे तुमी माझ्या हातात दिलं व्हतं. म्या भिऊन घेतलं. आता देवाचं देवाला माघारी देतो. लपून न्हाय, तुमच्या तोंडावर सांगून."

आबांनी पान पिंडीवर ठेवलं आणि हात जोडले. देवळातले पाच-पन्नास पुरुष बघत होते.

चेअरमनचा चेहरा उतरला. तोही काही राक्षस नव्हता, त्यालाही वरून दम येत असणार. पण आवाज चढवून म्हणाला, "म्हातारचळ लागला का, आबा? उद्या दूध कुठं घालनार?"

"चुलीवर," आबा म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले. बाबूराव गाडी जुंपत होता, तोवर रत्ना आणि मी पायीच गल्लीनं वेशीकडं चाललो. आबांच्या घरातून खरवडल्याचा आवाज आला, लोखंडी कढईत उलथनं फिरतंय तसा. "सोसायटीनं रात्री आबांचं दूध घेतलं नाही," रत्ना म्हणाली. "सून खवा आटवतेय." आमच्या भागात दूध उरलं की खवाच करतात, हे मलाही ठाऊक होतं. मन खट्टू झालं. म्हातारा एकटाच पडला, आणि मी आता सुखरूप घरी निघाले.

चार पावलं पुढं गेलो तर दुसऱ्या घरातून तोच आवाज. मग पलीकडच्या बोळातून. वरच्या आळीतून. रत्ना थबकली. देवळाशी गुरव हातात झाडू घेऊन उभा होता. "मास्तरीणबाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पिंडीपाशी येऊन बगा. वाळक्या बेलाचा ढीग पडलाय. झाडू तरी कसा?"

सगळ्या गावावर धूर आणि खव्याचा गोड वास. आम्ही दोघी भर रस्त्यात एकमेकींचे हात धरून वेड्यासारख्या हसत होतो.

वेशीवर मारुती उभा होता. पळसाच्या पानात बांधलेला खवा त्यानं माझ्या हातात दिला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला. "म्याबी देनार, ताई. पयलंच मत हाय माझं." मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

एसटीत वास दरवळला तसा कंडक्टरनं हात पुढं केला, त्याला चिमूटभर दिला. वाटेत मनात येत होतं, त्या गावात कुणाचा शिक्का कुठं पडेल ते मला कधीच कळणार नाही आणि कळूही नये. पण ज्यांना मी पडद्याआड लपा म्हणून सांगायला गेले, त्यांनी आपलं म्हणणं गावभर दरवळू दिलं.

घरी आले. आईनं "काय मिळवलंस?" म्हणून विचारायच्या आत पळसाचं पान भावापुढं सोडलं आणि सगळी हकिगत सांगितली. तो भिंतीकडून वळला. एक घास तोंडात घातला, मग दुसरा.

"जरा करपलाय गं," तो म्हणाला.

"एकदम एवढं दूध आटवायची सवय नाही त्यांना," मी म्हटलं. "होईल."